खर्रा सोडला की डोकं भनभनतं, दारू सोडली की जीव जाऊ शकतो

नागपुरात कोणी खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी, सोडतो म्हणाला की चार जण त्याला भेव घालतात. "एकदम नको सोडू बे, बॉडीले सवय आहे, काहीतरी होऊन जाईन." तोच माणूस दारू सोडतो म्हणाला की तेच चार जण पाठ थोपटतात. "आजपासूनच बंद कर. मन पक्कं पाहिजे फक्त." शरीराच्या हिशेबानं हे दोन्ही सल्ले एकमेकांच्या जागी गेले आहेत. खर्रा एखाद्या सकाळी कायमचा बंद केला तर दोन-चार आठवडे त्रास होतो, पण त्या त्रासानं कोणी मरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एका सकाळी अशीच बंद केली, तर दोन-तीन दिवसांत त्याच्या जिवावर बेतू शकतं.

असं का होतं ते कळायला शरीराची एक खोड माहीत असावी लागते. शरीराला सगळं ठराविक मापात लागतं: तापमान, रक्तदाब, साखर, नाडीचे ठोके. बाहेर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन असो की डिसेंबरातली पहाट, आत आपलं ३७ च्या आसपास. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात या खोडीला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. आता रोज, दिवसातून अनेकदा, बाहेरून एखादा पदार्थ येऊन हे माप एका बाजूला ओढत असेल तर शरीर गप्प बसत नाही. तराजूचं एक पारडं जड निघालं की व्यापारी दुसऱ्या पारड्याला पासंग बांधतो, तसा शरीरही विरुद्ध बाजूला पासंग बांधतं. मेंदूतल्या पेशी आपल्यावरची ग्राहकं, म्हणजे रसायनांचा निरोप घेणाऱ्या जागा, कमी-जास्त करतात. काही रसायनं जास्त बनवली जातात, काही कमी. त्यामुळे पूर्वी जेवढ्यानं मजा यायची तेवढ्यानं आता काहीच वाटत नाही आणि माणूस माप वाढवतो. शरीर पासंगही वाढवतं.

मग एक दिवस पदार्थ बंद होतो. पारड्यातला माल उचलला गेला, पासंग मात्र जागेवरच आहे. सोडल्यावर जो त्रास होतो तो या उरलेल्या पासंगाचा. म्हणूनच तो नेहमी पदार्थाच्या गुणाच्या उलटा असतो. चहा तरतरी देतो, बंद केला की पेंग येते. अफूच्या जातीतले पदार्थ पोट बांधतात आणि दुखणं मारतात, ते बंद केले की जुलाब लागतात आणि अंग ठणकतं. दारू मेंदूला शांत करते, बंद केली की हात थरथरतात. पदार्थाचा गुण माहीत असला की सोडल्यावर काय होईल याचा अंदाज बराचसा घरबसल्या बांधता येतो.

"शरीरातलं विष बाहेर पडून राहिलं, म्हणून त्रास होते," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि त्या नावावर काढे, डिटॉक्सच्या पुड्या विकल्या जातात. विष बाहेर पडण्याचा हा त्रास असता तर ते पडून गेल्यावर तो थांबला असता. प्रत्यक्षात रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं, दिवसभरात जवळपास संपतं. आणि त्रासाचा कळस येतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, रक्तात निकोटिन नसताना. तेव्हा काढ्यानं बाहेर काढायला काही उरलेलंच नसतं.

खर्ऱ्याचं गणित

खर्रा हा विदर्भाचा खास पदार्थ, आणि तो रसायनशास्त्राच्या दृष्टीनं फार हुशारीनं बनवलेला आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून ठेलेवाला ते खरखरीत पाटीवर घोटतो, मिश्रण गरम आणि ओलसर होईस्तोवर. चुना इथे चवीपुरता नसतो. त्याच्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि तशा अवस्थेतलं निकोटिन गालाच्या आतल्या पातळ कातडीतून सहज रक्तात शिरतं. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि भराभर उतरतं. गालात धरलेल्या खर्ऱ्याचं सावकाश चढतं आणि बराच वेळ टिकतं. दिवसभर गाल भरलेला ठेवणाऱ्याच्या रक्तात म्हणूनच निकोटिन जवळजवळ सलग असतं.

त्यात सुपारी वेगळी. तिच्यातलं अरेकोलिन मेंदूवर स्वतंत्रपणे काम करतं आणि सुपारीची सवय तंबाखूशिवायही लागते. "मी तंबाखू सोडली, आता फक्त गोड सुपारी खातो," असं अभिमानानं सांगणारे ठेल्यावर रोज भेटतात. त्यांनी अर्धी सवय शाबूत ठेवलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था तंबाखू नसलेल्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, तिखट सोसत नाही, सावजीचा रस्सा समोर आला की डोळ्यांत पाणी येतं, हा सबम्युकस फायब्रोसिसही मुख्यतः सुपारीचाच प्रताप.

बंद केल्यावरचं वेळापत्रक साधारण असं चालतं. शेवटच्या खर्ऱ्यानंतर काही तासांतच अस्वस्थ वाटायला लागतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड इतकी की घरचेच म्हणतात, "खा बाबा एखादा, पण शांत राह्य." कामात लक्ष लागत नाही, झोप तुटक होते, भूक वाढते. सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलोंनी वाढतं, कारण निकोटिन भूक मारत होतं आणि शरीराचा जाळही थोडा वाढवत होतं. नाडीचे ठोके मात्र थोडे कमी होतात, तेही लगेच. हा फायदा कोणाच्या लक्षात येत नाही.

लक्षात येतं ते पोट. "खर्रा खाल्ल्याबिगर मोकळं होत नाही," हे वाक्य थट्टेचं वाटलं तरी खरं आहे. निकोटिन आतड्यांना हलवतं. रोज सकाळी ते मिळायची सवय झाल्यावर आतडी त्याचीच वाट पाहतात. सोडल्यावर बद्धकोष्ठ होणं अगदी ठरलेलं, आणि या एका कारणापायी पुन्हा ठेल्यावर गेलेली माणसं थोडीथोडकी नसावीत. भरपूर पाणी, भाज्या, लागलंच तर इसबगोल, एवढ्यावर दोन-तीन आठवडे काढता येतात.

मेंदूतला पासंग सुटायला जास्त वेळ लागतो. सतत निकोटिन मिळणारा मेंदू त्याची ग्राहकं वाढवून ठेवतो. सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत ही वाढलेली ग्राहकं साधारण दीड ते तीन महिन्यांत नेहमीच्या पातळीवर आलेली दिसली आहेत. तोवर "मजा येत नाही, काहीच गोड लागत नाही" असं वाटणं हे मनाच्या कच्चेपणाचं लक्षण नव्हे.

या काळासाठी निकोटिनचं च्युइंगगम मिळतं. ते नुसतं चघळत राहिलं तर लाळेबरोबर पोटात जातं, घसा जळजळतो, उचकी लागते आणि माणूस म्हणतो, "काही कामाचं नाही हे." ते थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, मग पुन्हा चावायचं. गालात धरून ठेवणं खर्रेवाल्याला शिकवावं लागत नाही, ही एक सोय. चहा-कॉफी किंवा कोल्ड्रिंकवर लगेच ते घेऊ नये. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलं जात नाही. आणि ज्याचं तोंडच उघडत नाही, जबडा आखडलाय, त्यानं डॉक्टरांकडे कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीबद्दल विचारावं.

बिडी-सिगारेटवाल्यांसाठी एक जास्तीची गंमत आहे, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. धुरातले काही घटक यकृताला कॅफिन भराभर संपवायला लावतात. धूर बंद झाला की तोच चार कप चहा रक्तात जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतो. मग छातीत धडधड, झोप नाही, हात कापतात, आणि सगळं खापर बिडी सोडण्यावर फुटतं. अशा वेळी चहा निम्मा करून पाहावा. खर्ऱ्यात धूर नसल्यानं हा हिशेब तिथे लागू होत नाही.

चहाची डोकेदुखी

चहाबद्दल थोडक्यात. दिवसभर मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि आपल्याला झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून शरीर अडेनोसिनची ग्राहकं वाढवून ठेवतं. कॅफिन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसूनही धरतं. चहा बंद झाला की १२ ते २४ तासांत त्या सैलावतात आणि डोकं दुखायला लागतं. एक-दोन दिवसांनी त्रास कळसाला पोहोचतो, आठवड्याभरात संपतो. त्यासाठी फार चहा प्यावा लागतो असंही नाही. रोज १०० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे चांगले दोन-तीन कप, पुरतात.

निर्जळी उपासाला दुपारनंतर जे कपाळ ठणकतं, ते "पित्त" पुष्कळदा हेच असतं. रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांना मोमिनपुऱ्यातली मंडळी ज्याची तक्रार करतात तेही हेच, आणि ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या पेशंटचंही. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत गेलं की हा त्रास जवळजवळ होतच नाही.

दारू: इथे घाई नडते

मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत ठेवतं आणि ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू याच्या विरुद्ध पासंग बांधतो: गाबाला दाद देणं कमी, ग्लुटामेटची ग्राहकं जास्त. वरून तो माणूस सुस्त दिसतो, आतून त्याचा मेंदू सतत ताणलेला असतो आणि दारू तेवढी त्याला दाबून धरत असते. दारू एकदम काढली की हा चेतलेला मेंदू मोकाट सुटतो. खर्ऱ्याच्या पासंगात असा जोर नसतो.

शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. पुष्कळांचं एवढ्यावरच निभावतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आधी कधीही न आलेली. काहींना भास होतात: भिंतीवर किडे, कोणी हाक मारतंय असं. आणि थोड्या लोकांना, साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, डिलिरियम ट्रेमेन्स होतो. ताप, रक्तदाब चढलेला, दिवस-रात्रीचं भान नाही, अखंड बडबड, अंथरुणावरून काहीतरी वेचत राहणं. हा आजार दवाखान्यात वेळेवर आवरला तर बहुतेक जण वाचतात. घरी खोलीला कडी लावून ठेवला तर माणूस जाऊ शकतो. आपल्याकडे पुष्कळदा याला "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि ते सोन्यासारखे दोन दिवस झाडफुकीत जातात.

हा त्रास दारूचा नसून दारू थांबण्याचा आहे, हे पक्कं व्हायला १९५५ साल उजाडावं लागलं. तोवर कोणी म्हणे जेवण नाही म्हणून होतं, कोणी म्हणे जीवनसत्त्वं कमी पडतात. अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात हॅरिस इस्बेल यांनी पूर्वी मॉर्फिनचं व्यसन असलेल्या दहा जणांना, नीट जेवण आणि जीवनसत्त्वं देऊन, कित्येक आठवडे दारू पाजली आणि मग ती एकदम तोडली. जे जास्त दिवस प्याले त्यांच्यातल्या काहींना फिट आल्या, काहींना डिलिरियम झाला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. पण उत्तर मिळालं ते त्यातूनच.

हाडांच्या वॉर्डात काम केलेल्या कोणाही नर्सला तिसऱ्या दिवसाबद्दल विचारून पाहा. पाय मोडून सोमवारी भरती झालेला पन्नाशीचा गृहस्थ. "दारू घेता का?" असं विचारल्यावर बायकोनं खाली पाहिलं, मुलगा म्हणाला, "कधीतरी, कार्यक्रमात." बुधवारी रात्री हा माणूस सलाइन उपसून प्लास्टरच्या पायावर उभा राहतो आणि म्हणतो, गाडी काढा, बुटीबोरीला जायचंय. घरच्यांना वाटतं औषध चढलं. डॉक्टर मेंदूला मार लागला का म्हणून स्कॅन काढतात. अब्रूपोटी खरं सांगितलं नाही, म्हणून हे सगळं. रोज किती आणि शेवटची कधी, एवढं भरती करतानाच सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी गोळी सुरू झाली असती.

ही गोळी म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम किंवा त्याच जातीतलं औषध. ते दारूसारखंच गाबाच्या बाजूनं काम करतं, पण त्याचं माप ठरवता येतं आणि पाच-सात दिवसांत पायरीपायरीनं उतरवता येतं. पासंग हळूहळू सुटू द्यायचा, एवढाच त्यामागचा विचार. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, देतात. दारूड्याच्या शरीरात ते आटलेलं असतं. गल्लीतल्या दवाखान्यात "कमजोरी आहे, ग्लुकोजची बाटली लावा" असा आग्रह घरचे धरतात. पण थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपून मेंदूला इजा होऊ शकते, डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल अडखळते, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाते.

मग धोका नेमका कोणाला? शनिवार-रविवारी घेणाऱ्याला सहसा नाही. सकाळी उठल्या उठल्या हात कापतात आणि एक पव्वा पोटात गेल्यावर स्थिर होतात, हे ज्याला लागू पडतं त्याला आहे. मागच्या वेळी सोडताना फिट आली होती किंवा बरळला होता, त्याला तर हमखास. दर वेळी एकदम सोडणं, पुन्हा धरणं, पुन्हा एकदम सोडणं यात मेंदू अधिकाधिक चेततो आणि पुढचा त्रास आधीच्याहून जबर असतो. ताजबागेत शपथ घ्या, कोराडीच्या देवीपुढे घ्या, गळ्यात माळ घाला. पण असा माणूस असेल तर शपथेच्या आधी नागपूरच्या मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय), मेयो, एम्स या रुग्णालयांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मानसोपचार ओपीडीत त्याला दाखवून घ्या. त्याला ठाऊक नसताना भाजीत मिसळायची पावडर मात्र कोणी दिली तर आणू नका. तिच्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि त्यानं वरून दारू घेतली तर रक्तदाब कोसळून तो जागीच आडवा होऊ शकतो. ते औषध आहे खरं, पण घेणाऱ्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं.

या भागात दारूबंदी म्हणजे काही नवी गोष्ट नाही. वर्धा आणि गडचिरोली कोरडे जिल्हे, चंद्रपूरही २०१५ ते २०२१ कोरडा होता. पुरवठा एकाएकी आटला तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये: देशभर फिट आणि भासांचे रुग्ण दवाखान्यांत आले. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली. अशा बातम्यांवर "एवढी कसली हौस" म्हणणाऱ्यांना त्या थरथरत्या हातांचा अर्थ कळलेला नसतो.

डॉक्टरांनीच दिलेली सवय

व्यसन नसलेल्या माणसालाही हा पासंग नडतो. झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या गाबावरच काम करतात. महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केल्या तर दारूसारखीच फिट येऊ शकते. बीटा-ब्लॉकर, म्हणजे रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी करणारं औषध, एकाएकी सोडला तर हृदयरोग्याच्या छातीत कळ येते. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब आठवडाभराहून जास्त वापरले तर तेच नाक चोंदवायला लागतात.

सगळ्यात फसवा प्रकार स्टेरॉइडचा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बाहेरून स्टेरॉइड मिळालं की त्या काम थांबवतात, आणि पुन्हा चालू व्हायला कधी कधी महिने घेतात. मधल्या काळात गोळी एकदम बंद झाली तर उलट्या, गळाठा, रक्तदाब आणि साखर खाली, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर मृत्यू. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्टेरॉइड असेल तर ते निदान माहीत तरी असतं. आठवडी बाजारात मिळणारी, दोन दिवसांत गुडघे पळवणारी "जडीबुटीची" पुडी अनेकदा स्टेरॉइड मिसळलेली निघते, आणि ती संपली की आजी अंथरुणाला का खिळली हे कोणालाच उमगत नाही.

गर्द किंवा ब्राउन शुगरच्या बाबतीत सोडताना फार हाल होतात. नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, जुलाब, हाडं ठणकतात. दोन-तीन दिवस कळस आणि आठवड्याभरात उतार. धडधाकट माणूस त्यानं सहसा मरत नाही. खरा धोका नंतरचा आहे. पासंग सुटलेला असतो, आणि व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आलेला पोरगा जुन्याच मापानं घेतो. तेवढ्यानं श्वास थांबतो.

पासंग रसायनाला जसा बांधला जातो तसा जागेलाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये उंदरांना दिवसाआड एका ठराविक खोलीत हेरॉइन दिलं आणि मग मोठा डोस दिला, काहींना त्याच खोलीत, काहींना हेरॉइन कधी न मिळालेल्या दुसऱ्या खोलीत. या दुसऱ्या खोलीत दुपटीनं उंदीर मेले. ओळखीची खोली दिसली की शरीर पदार्थ यायच्या आधीच पासंग बांधायला घेतं, दुसऱ्या खोलीत त्याला तेवढी चाहूल लागत नाही. सहा महिन्यांपूर्वी खर्रा सोडलेल्या माणसाला घरी काही वाटत नाही आणि बर्डीवरच्या जुन्या ठेल्यापाशी सिग्नलला थांबल्यावर तोंडाला पाणी सुटतं, ते याच कारणानं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकी सैनिक घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले शंभरातले पाचेक जणच पुन्हा त्यात अडकले, असं ली रॉबिन्स यांच्या पाहणीत दिसलं. माणसं तीच होती, ठेला मागे राहिला होता.

तलफ तीन ते पाच मिनिटं जोरात असते, मग ओसरते. पहिले तीन आठवडे ऑफिसचा रस्ता बदलला, जेवणानंतर बाहेर न पडता घरातच बडीशेप तोंडात टाकली आणि दोस्तांना "मले विचारू नका" एवढं आधीच सांगून ठेवलं, तर अशा पाच मिनिटांच्या पाळ्या बऱ्याच कमी होतात. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६, दारू आणि बाकी नशेसाठी १४४४६.